मुंगी

तोंडात साखर असताना माणसाला खोटं बोलता येत नाही. ती ओट्याशी उभी होती. डाव्या हातावर लेक छातीला लावलेली, उजवा हात मनगटापर्यंत साखरेच्या डब्यात, आणि स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई.

"परत?"

तिने घाईघाईने गिळायचा प्रयत्न केला. साखर कोरडी, तोंड त्याहून कोरडं. ठसका लागला, साखरेचे कण लेकीच्या कपाळावर उडाले, आणि दचकलेल्या पोरीने दूध सोडून भोकाड पसरलं.

"निदान चमचा तरी घ्यायचास. मूठच भरतेस? तेच सगळं दुधात उतरतं. मग पोर रात्रंदिवस किरकिर करते आणि तू म्हणतेस, काय झालं कुणास ठाऊक."

"आई, चक्कर येत होती मला."

"साखरेनं चक्कर जात नाही, माणूस जातो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा भिंतीतल्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची.

बाहेरच्या खोलीत नवरा बुटांच्या नाड्या बांधत होता. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि सकाळी त्याचा मूड नेहमीच छान असायचा, कारण त्याची झोप झालेली असायची. "सापडली का मुंगी?" तो आतल्या दिशेने ओरडला आणि स्वतःच हसला.

मुंगी हे नाव त्यानेच ठेवलं होतं. लेक झाल्यानंतर महिन्याभरात कधीतरी. आधी ते लाडाचं होतं. ती पाजायला बसली की तो खिशातून गोळी काढायचा, कागद सोलून तिच्या तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "घे गं मुंगे." मग ते नाव शेजारी गेलं, नणंदेकडे गेलं, फोनवर गेलं. आता घरात कुणी आलं की पहिली चौकशी बाळाची आणि दुसरी हिच्या साखरेची. बिस्किटांचा पुडा कसा रिकामा सापडला, ही गोष्ट नवरा इतक्या रंगवून सांगायचा की पाहुणे मांडीवर थापा मारत हसायचे. तीही हसायची. हसताना तिच्या कानांच्या पाळ्या तापायच्या.

सासूबाई मात्र हसत नसत. सासऱ्यांना मधुमेह होता. लपूनछपून गोड खायचे, उशीखाली ठेवायचे. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि शेवटी ते स्वतः. सासूबाईंच्या लेखी साखर म्हणजे घरात पाळलेला साप होता. सुनेनं त्यात हात घालावा हे त्यांना बघवत नव्हतं. हे तिलाही कळायचं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो? तो आतल्या आत खदखदत राहायचा. आणि राग आला की गोड खावंसं वाटायचं.

त्या दिवशीही ती चहाचे दोन घोट घेऊन निघाली. ठकीला, म्हणजे लेकीला, सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. दिवसा डब्यातल्या पावडरीचं दूध बाटलीने पाजायचं असं ठरलं होतं.

ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. तळघर. एका भिंतीला माणसाच्या उंचीची धुलाई यंत्रं, दुसऱ्या भिंतीला रोलर. ओलसर चादर एका बाजूने दोघींनी ताणून घालायची, पलीकडे दोघींनी गरम पापडासारखी कडक झालेली ओढून घ्यायची आणि घडी करायची. रोलरवरची जागा मिळायला वर्षं जायची. तिला ती हातांच्या चपळाईवर मिळाली होती, आणि चादरीची कडा रोलरमध्ये सरळ रेषेत घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला त्या कामाचा अभिमान होता. इतका, की बाळंतपणाची रजा संपली तेव्हा आपली जागा दुसरीला गेली नाही ना, याचीच तिला पहिली धास्ती वाटली होती.

जागा होती. पण आता त्या जागेवर उभं राहणारं अंग वेगळं होतं. सकाळचे काही तास गेले की छाती दगडासारखी व्हायची. मग घडी केलेल्या चादरींच्या कोठीत जायचं, गठ्ठ्यांमागे भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि दूध बाटलीत पिळायचं. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, बाटली तुमच्या फ्रिजमध्ये ठेवू का? सुपरवायझर म्हणाला होता, "तिथे माणसांचे डबे असतात." म्हणजे ते दूध कुणाचं होतं? तो गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा, यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही म्हणून. बायका त्याला शिट्टीच म्हणायच्या. त्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत दूध टिकलं नसतं. ती ते मोरीत ओतायची आणि वरून नळ सोडायची. पांढरा ओघळ जाळीतून खाली जाईपर्यंत तिला तिथून हलता येत नसे.

आणि मग डॉक्टरांचे कोट. ते धुवायच्या आधी खिसे तपासावे लागत, कारण त्यांत पेनं निघायची, कधी सुईही. पण साखरेच्या छोट्या पुड्या निघायच्या, टॉफ्या निघायच्या, अर्धवट खाल्लेली चॉकलेटं निघायची. ती सगळी कचऱ्यातच जायची. गेले दोन महिने ती तिच्या तोंडात जात होती. कागद सोलायचा, जिभेखाली ठेवायचं, डोळे मिटायचे. क्षणभर सगळं अंग शांत. मग थोड्याच वेळात हातांना कंप, डोकं रिकामं, आणि नजर पुढच्या कोटाच्या खिशावर.

त्या दिवशी दुपारी तो कंप थांबेना. ती रोलरवर होती. चादरीची कडा तिला दोन ठिकाणी दिसू लागली. तिने सरळ करायला बोटं पुढे नेली, आणखी पुढे नेली, आणि पलीकडे उभ्या असलेल्या, तिथल्या सगळ्यात जुन्या कामगार मावशीने किंचाळत थांबवायचा दांडा खाली ओढला. रोलर थांबला. तिची बोटं आणि रोलर यांच्यात बोटभरही अंतर नव्हतं.

तिला खाली बसवलं. नेमक्या तेव्हाच प्रसूती वॉर्डच्या सिस्टर तळघरात आल्या होत्या, चादरी कमी पाठवता म्हणून भांडायला. त्यांनी तिला ओळखलं. तिचं बाळंतपण याच इस्पितळात, त्यांच्याच हाताखाली झालं होतं. त्यांनी वरून शुगर मोजायचं यंत्र मागवलं आणि तिचं बोट टोचलं.

"शुगर ठीक आहे. सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"आणखी?"

"साखर," ती म्हणाली. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"काल रात्री?"

"उरलं होतं ते."

"पाणी किती पितेस?"

यावर मावशी फसकन हसली. "पाणी प्यायलं की जावं लागतं ना, सिस्टर. बायकांचं संडास पलीकडच्या इमारतीत. तेही शिट्टीला विचारून. मग कोण पितंय पाणी?"

सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "माझं ऐक. तू हावरट नाहीस. तू उपाशी आहेस, तहानलेली आहेस आणि तुझी झोप झालेली नाही. दूध तयार करायला अंगाला खाणं लागतं. ते मिळालं नाही की अंग झटपट मिळेल ते मागतं, आणि सगळ्यात झटपट साखर. खाल्लीस की घटकाभर बरं, मग परत खाली. दिवसभर हाच झोका. सकाळी आधी नीट खा. अंडी, डाळ, शेंगदाणे, पोटात टिकेल असं काहीतरी. मधेमधे थोडं थोडं. पाजायला बसलीस की हाताशी पाणी ठेव. एवढं करून गोड खावंसं वाटलंच तर जेवणानंतर थोडं खा, सगळ्यांसमोर खा."

"मी साखर खाते म्हणून पोर रडते ना?"

"कुणी सांगितलं? डब्यातली साखर अशी दुधात उतरत नाही. दुधातली साखर अंग स्वतः बनवतं. पोरं रडतात. ती बोलू शकत नाहीत म्हणून रडतात."

तिला रडू येईल असं सिस्टरांना वाटलं असावं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. इतके महिने. इतके महिने ती स्वतःला चोर समजत होती, पोर रडली की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं, आणि मुळात ती फक्त उपाशी होती!

"सिस्टर, हे सगळं खायचं कुठे बसून? आणि कधी?"

"सुपरवायझरशी बोल ना."

"तुम्ही बोला."

सिस्टरांनी दाराशी उभ्या असलेल्या शिट्टीकडे पाहिलं. मग चादरींच्या गठ्ठ्याकडे. "बघते," त्या म्हणाल्या आणि गठ्ठा उचलून वर गेल्या. वरच्या त्यांच्या वॉर्डात, दारासमोरच, बाळाला पाजणाऱ्या हसऱ्या आईचं चित्र लावलेलं आहे. तिच्या हातात दुधाचा पेला, शेजारी फळांची टोपली. त्या बाईला कुणाची परवानगी मागावी लागत नसावी.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, ठकीला पाजलं, नवऱ्याच्या गादीवर निजवलं. मग ताट घेतलं, त्यात भात, डाळ, भाजी वाढून घेतली आणि टेबलाशी बसली.

"तो यायचाय अजून," सासूबाई म्हणाल्या.

"येऊ दे."

"म्हणजे तू आधी जेवणार?"

"हो. आधी मी जेवणार."

ती जेवत असतानाच नवरा आला. त्याने तिच्या ताटाकडे पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वातावरण हलकं करायला म्हणाला, "अरे वा, आज मुंगी जेवतेय!"

"मला मुंगी म्हणायचं नाही."

"अगं, लाडानं म्हणतो मी."

"लाड आहे ना? मग ताटात वाढ. डाळ संपलीय."

त्याला आधी गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली. पातेलं तिच्या हातापासून लांब होतं. त्याने ते उचललं आणि डाळ वाढली, अशा बेताने, जणू काही कुणाच्या तरी घरी आलाय. आत ठकी उठून रडायला लागली. सगळ्यांनी सवयीने ठकीच्या आईकडे पाहिलं. ती घास चावत राहिली. बऱ्याच वेळाने नवरा आत गेला आणि लेकीला घेऊन फिरायला लागला.

"हे सगळं कुणी डोक्यात भरवलं?" सासूबाईंनी विचारलं. "यांचा पाय सडला तेव्हा मी धुतलाय तो. तू नव्हतीस तेव्हा. त्यांनाही असंच वाटायचं, आई-बायको शत्रू आहेत, खाऊ देत नाहीत."

"त्यांचं फार वाईट झालं, आई. पण त्यांना आजार होता. मला भूक आहे. आज रक्त तपासलं माझं, काही झालेलं नाही. आज माझा हात रोलरमध्ये जाणार होता. तुम्ही मला मेलेल्या माणसासारखं जपताय. जिवंत माणसाला जेवायला लागतं, ते कुणी विचारत नाही. सगळ्यांची जेवणं झाली की खरवडून मी खायचं, तेही एका हाताने. आणि दुपारचं माझं दूध मी तिथे मोरीत ओतायचं."

सासूबाई उठायला लागल्या होत्या. त्या थांबल्या.

"मोरीत?"

"मग कुठे? ठेवायला जागा देत नाहीत."

"रोज?"

"रोज."

"आणि मी इथे पोरीला पावडर कालवून देते?"

सासूबाई आत गेल्या आणि त्यांच्या खोलीचं दार लागलं. तिने ताट पुसून खाल्लं. पोट भरल्यावर राग कमी होईल असं तिला वाटलं होतं. उलट त्याला बळ आलं.

त्यानंतर ती रोज सकाळी आधी स्वतःचं खाणं करायला लागली. दोन अंडी उकडायची, पावाबरोबर खायची, खिशात भाजलेले शेंगदाणे घ्यायची. रोलरच्या चौकटीला पाण्याची बाटली लटकवली. कपाट कुलपातच होतं, पण आता तिची नजर तिकडे कमी जायची. हाव गेली असं नाही. रात्री दोनदा उठल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी ती तशीच यायची, कानशिलात ठोकत. फरक एवढाच की आता ती आधी पाणी प्यायची, मूठभर दाणे खायची, आणि बहुतेक वेळा कळायचं की अंगाला तेवढंच हवं होतं.

पण पाणी प्यायल्यावर जावं लागायचं. शिट्टीने पहिल्यांदा भुवया उंचावल्या, दुसऱ्यांदा सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, तुला काही रोग आहे का?" तिसऱ्यांदा तो नाही म्हणाला. ती न विचारता गेली. ती परत आली तेव्हा तो कुठलं तरी निमित्त शोधत होता, आणि निमित्त तिनेच दिलं. ठकीला ताप होता, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, सकाळी अंडी उकडायला वेळ मिळाला नव्हता. कोटाच्या खिशातून चॉकलेट निघालं. तिने ते सोलून तोंडात टाकलं आणि मागे शिट्टी उभा.

"चोरी करतेस?"

यंत्रं थांबवली गेली. सगळ्या बायकांना गोळा केलं गेलं. "माफी माग सगळ्यांसमोर," तो म्हणाला, "म्हणजे बाकीच्यांनाही समज मिळेल."

तिने तोंडातला तुकडा चघळून संपवला. मग बोलली. आवाज वाढवायची गरज नव्हती, त्या तळघरात इतकी शांतता कधीच नसायची.

"हे कचऱ्यात जाणार होतं. रोज जातं. ते खाल्लं तर चोरी. आणि माझ्या लेकीचं दूध रोज या मोरीत जातं, ते कुणी चोरलं? ती माफी कोण मागणार? आधी ती मागा. मग मी या चॉकलेटची मागते."

कुणीतरी खोकलं. मावशीने जमिनीकडे पाहत डोक्यावरचा रुमाल पुन्हा घट्ट बांधला. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. शिट्टीचा चेहरा लाल झाला, त्याने शिट्टी वाजवली आणि यंत्रं पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी मुलगी उभी होती. हिला मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं होतं.

ती खोली तळघराच्या मागच्या उतारावरच्या फाटकाला लागून आहे. वॉर्डांतून आलेली बोचकी तिथे उघडतात आणि वेगळी करतात. रक्ताची इकडे, मुताची तिकडे, बाकीची मधे. कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला फडकं, तरी वास केसांत बसतो. तिथे कुणी आपणहून जात नाही. शिट्टीसुद्धा दाराशी येऊन नाक दाबून परत फिरतो. पहिल्या दिवशी ती दोनदा ओकली. रोलरवरून निघणाऱ्या चादरींचा गरम, स्वच्छ वास तिला भिंतीपलीकडून यायचा आणि रडू यायचं. पलीकडची नवी मुलगी कडा तिरकी घालते, हे येता-जाता घड्यांवरून दिसत होतं.

पण त्या खोलीला स्वतःचा नळ होता. शेजारी जुनं, मोडक्या दाराचं संडास होतं. आणि तिथे ती कधी बसते, कधी उठते, हे बघायला कुणी नव्हतं.

हे तिने घरी सांगितलं तेव्हा नवरा चिडला. "गप्प बसली असतीस तर जागा राहिली असती." सासूबाईंनी फक्त विचारलं, "ते फाटक रस्त्यावर उघडतं का?"

पुढच्या दुपारी मागच्या फाटकाच्या गजांवर कुणीतरी किल्लीने ठकठक केली. सासूबाई होत्या. एका खांद्यावर ठकी, दुसऱ्या हातात पिशवी, बसमधून उतरून उन्हात चालत आल्यामुळे धापा टाकत होत्या.

"हिनं बाटली तोंडात घेतली नाही," त्या रागानेच म्हणाल्या, जणू काही तो सुनेचाच गुन्हा. खरं होतं की नाही कुणास ठाऊक.

तिने हातमोजे काढले, ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, परत धुतले, अंगातला सदरा बदलला. मग फाटकाबाहेर पायरीवर बसली आणि लेकीला घेतलं. ठकीने आधी नाक मुरडलं, आईच्या केसांना येणारा वास तिला ओळखीचा नव्हता. मग शोधत शोधत तिला सापडलं.

सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि उघडून तिच्या गुडघ्याशी ठेवला. भात, डाळ, वर सोललेलं अंडं. पाण्याची बाटली. "खा," त्या म्हणाल्या.

समोरून रस्ता वाहत होता. सायकलवरचा एक माणूस वळून वळून बघत गेला. सासूबाई तिच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिच्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड, दोन्ही हात कमरेवर आणि कोपरं बाहेर काढलेली, जितकं रुंद होता येईल तितकं रुंद होऊन. त्यांच्या सावलीत बसून ती मोकळ्या हाताने जेवू लागली.